केमिगिसाचा मंगळवार

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. एके काळी माझा रंग तांबडा होता. आता तो टाकीच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोहोचत नाही, तेवढाच उरला आहे. फोर्ट पोर्टल गावात एका गॅरेजच्या मागे मी उभी असते. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात. त्यांचा मला राग येत नाही. कोणी बसलेले असले की बरे वाटते.

माझा जन्म तुमच्याच मुलखातला, वाळूजच्या कारखान्यातला. म्हणून तर मला तुमची भाषा येते. तिथे माझे सुटे भाग खोक्यात भरले गेले, जहाजातून मोम्बासाला उतरले आणि ट्रकमधून युगांडात आले. कंपालाच्या एका मिस्त्रीने मला जोडले. त्याने पहिली किक मारली आणि मी लगेच सुरू झाले, तेव्हा तो माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाला की ही पोटापाण्याला लावील कोणाला तरी. ते शब्द मला फार आवडले होते. पोट कोणाचे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

मला विकत घेतले बुसिंगे आणि कुनिहिरा या नवरा-बायकोने. दोघांनी मिळून, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळे गाव म्हणू लागले की गाडी बुसिंगेची. बुसिंगेने आपल्या वाट्याची केळीची बाग विकली होती. कुनिहिरा चहाच्या मळ्यात पाने खुडायची. तिथल्या बायकांची भिशी होती. ती तिला लागली तेव्हा तिने सगळीच्या सगळी माझ्यात घातली. मला घेऊन घरी येताना ती मागे बसली होती आणि तिच्या पोटात केमिगिसा होती. चढावर बुसिंगे म्हणाला, "अब्वोली, घट्ट धर."

"गाडी माझी पण आहे, आराली," ती म्हणाली. "पडले तरी अर्ध्याच गाडीवरून पडेन."

दोघेही कितीतरी वेळ हसत होते.

आमच्या टोरो मुलखात प्रत्येकाला नावाखेरीज एक मायेचे, मानाचे नाव असते आणि माणसे एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात. बुसिंगेचे आराली, कुनिहिराचे अब्वोली. कोणी ते नाव सोडून मूळ नावाने हाक मारली की समजायचे, काहीतरी बिनसले आहे.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. बुसिंगे मला घेऊन बाजाराच्या कोपऱ्यावरच्या स्टेजवर, म्हणजे भाड्याच्या गाड्यांच्या थांब्यावर, उभा राही. इथे मोटारसायकलवरून माणसे नेण्याच्या धंद्याला बोडा म्हणतात आणि चालवणाऱ्यालाही बोडाच म्हणतात. मी केळ्यांचे घड वाहिले, शाळेची पोरे वाहिली, एकदा तर पांढऱ्या झग्यातली नवरी चिखलाचा एक थेंब न उडवता चर्चपर्यंत नेली. स्टेजवरचे लोक म्हणत, बुसिंगेची गाडी म्हणजे गाडी. मी फुगून जाई. केमिगिसा जन्मली तेव्हा आईच्या कुशीत शिरून ती माझ्यावरूनच घरी आली. रोज सकाळी कुनिहिरा तिला न्याकातोबाईंकडे सोडून मळ्यात जाई. न्याकातोबाई एकट्या राहणाऱ्या, वयस्क बाई होत्या. आसपासच्या चार-सहा लेकरांना त्या दिवसभर सांभाळत, नाचणीची पेज पाजत, आणि महिन्याला जे मिळेल त्यावर त्यांचे घर चाले.

मग घरातले बोलणे कमी झाले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मी दाराबाहेर उभी असे. बुसिंगे उशिरा येऊ लागला, त्याच्या कपड्यांना केळ्याच्या दारूचा वास येऊ लागला, आत आधी भांडणे होत आणि नंतर तीही होईनात. केमिगिसा चालायला शिकली त्या सुमाराला तो स्टेजजवळ खोली घेऊन वेगळा राहू लागला. सामान वाटले तेव्हा गादी कुनिहिराला गेली, रेडिओ बुसिंगेला. पोरगी आईकडे. माझे काय करायचे, हे कोणी बोललेच नाही. चावी त्याच्या खिशात होती, म्हणून मी त्याची झाले.

न्याकातोबाईंचे अर्धे पैसे आणि दुधाचा खर्च आपण देऊ, असे त्याने कुनिहिराच्या थोरल्या भावासमोर कबूल केले होते. पहिले काही महिने दिलेही. इंजिन बंद न करता तो न्याकातोबाईंच्या फाटकाशी थांबायचा, पैसे त्यांच्या हातात ठेवायचा आणि निघायचा. आतून केमिगिसा धावत येईपर्यंत आम्ही वळणापलीकडे गेलेलो असायचो.

मग एका महिन्यात माझा टायर गेला. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःला सांगितले की एक हप्ता चुकलाच आहे, आता दोन्ही एकदम देऊ. त्याच्या पुढच्या महिन्यात तो न्याकातोबाईंच्या घरावरून जाणारा डांबरी रस्ता सोडून मागच्या खड्ड्यांच्या वाटेने जाऊ लागला. प्रवासी कुरकुरत. "अरे, सरळ रस्ता टाकून इकडून कुठे?" असे विचारत. तो सांगे, तिकडे रस्ता खणलाय. त्या वाटेने माझे शॉकअप गेले. पण त्याचे काय जात होते, ते मला हँडलवर कळे. न्याकातोबाईंची टेकडी लांबून दिसली तरी त्याचे हात घामेजत.

अपराधी माणसाला कारण लवकर सापडते. एका प्रवासी बाईने सहज सांगितले की कुनिहिराने नवे कपडे शिवले आहेत. "माझ्या पैशावर नटते," तो स्टेजवर म्हणाला. नंतर तिच्या घरी एक पुरुष लाकडाची मोळी घेऊन गेला. "त्याचं पोट मी का भरू?" तो म्हणाला. तो पुरुष तिचा भाऊ होता. बुसिंगेला ते ठाऊक होते. मोळी आणणाऱ्याला त्याने स्वतः ओळखले होते, कारण तेव्हा आम्ही मागच्या वाटेवरून पाहत उभे होतो.

तिकडे न्याकातोबाईंनी बरेच दिवस केमिगिसाला फुकट सांभाळले. त्यांच्या तोंडून पैशाचा शब्द आला नाही. पण त्यांचीच चूल थंड पडू लागली, तेव्हा कुनिहिराला राहवेना. तिने पोरगी काढून घेतली आणि पाठीला बांधून मळ्यात न्यायला लागली. चहाच्या ओळींत मूल आणायला मुकादमाची मनाई होती, तिथे औषध फवारतात. मग ती पोरीला मळ्याच्या कडेला झाडाखाली बसवायची आणि दर थोड्या वेळाने ओळ सोडून पाहायला यायची. पाने वजनावर मोजतात. तिची टोपली भरेना.

शेवटी ती बालकल्याण अधिकाऱ्यांकडे गेली. त्या अधिकारी बाईंनी बुसिंगेला बोलावले. कचेरीच्या खिडकीखालीच मला उभे केले होते, त्यामुळे सगळे ऐकू आले. बुसिंगे म्हणत होता की बोडाच्या धंद्याचा भरवसा नाही, एक दिवस कमाई असते, एक दिवस नसते, ठरलेली रक्कम आणायची कुठून.

"पोरगी पण एक दिवस जेवते आणि एक दिवस नाही, असं करू या का?" बाईंनी विचारले.

मग कुनिहिरा बोलली.

"बाई, ठरलेली रक्कम नको मला. मंगळवार द्या."

बाईंना कळेना. कुनिहिराने समजावून सांगितले. मंगळवारी आमच्याकडे मोठा बाजार भरतो. त्या दिवशी गाडी जे कमवेल ते केमिगिसाचे. पेट्रोल वजा जाऊन उरेल ते कमी असो की जास्त, तिच्या खाण्याचे आणि न्याकातोबाईंचे. बाकीचे सगळे दिवस बुसिंगेचे. गाडी दोघांची आहे, मग तिचा एक दिवस लेकरासाठी राबला तर बिघडले कुठे?

बुसिंगेने लगेच होकार दिला. इतका लगेच, की मला तेव्हाच बरे वाटले नाही.

मित्रांनो, पहिले दोन मंगळवार आम्ही इमानाने राबलो. माझ्या सीटवर कोणी बसले की मला वाटे, हे केमिगिसाचे दूध, ही तिची पेज. तेवढा अभिमान मला त्या नवरीला चर्चला नेतानाही वाटला नव्हता. मग तिसऱ्या मंगळवारी दुपारीच तो मला घेऊन एम्पांगा नदीवर गेला आणि धूत बसला. मी स्वच्छच होते. त्यानंतर दर मंगळवारी असेच होऊ लागले. सोमवारी संध्याकाळी ओळखीच्या गिऱ्हाइकांना तो सांगून ठेवी, उद्या नको, परवा येतो. मंगळवारी थोडी वाहतूक करायची, त्यातलेही काही पैसे बुटात सरकवायचे आणि उरलेली चिल्लर कुनिहिराच्या भावाच्या हाती पाठवायची. "बाजार मंदा होता म्हणून सांग," एवढा निरोप.

पाण्यात पाय सोडून तो माझ्याशी बोलायचा. म्हणायचा की खोलीचे भाडे वाढले आहे, पेट्रोल महागले आहे, तिला तर मळ्याचा पगार आहे. मी ऐकत असे. मला तोंड असते तरी मी काय बोलले असते? माझ्या टाकीत जे पेट्रोल होते, तेही त्याच पैशांचे होते. मी नवी दिसावी म्हणून त्याने त्या दिवसांत माझ्या सीटला नवे कव्हर घातले. लोक म्हणाले, काय चकाकते ही. मला ते कव्हर टोचत असे.

एका मंगळवारी तो असाच बसला होता, हातात भाजलेले कणीस होते, आणि वरच्या पायवाटेने कुनिहिरा खाली आली. पाठीला केमिगिसा झोपलेली होती. ती त्याच्या शेजारच्या दगडावर टेकली.

"बुसिंगे, आज सुट्टी वाटतं?"

ती 'आराली' म्हणाली नाही. त्याने मान वर केली नाही.

"पोटात दुखतंय."

"कणसानं थांबतं का ते?"

त्याने कणीस दुसऱ्या हातात घेतले.

"मंगळवारीच दुखतं की बुधवारी पण?"

"बाजार मंदा आहे गं. विचार कोणालाही."

"बाजारातूनच आले मी. पाय ठेवायला जागा नाही. तुझ्या त्या मुगेन्यीला हात केला तर थांबेना, त्याच्या मागे दोघी बसलेल्या."

मुगेन्यी म्हणजे स्टेजवरचा त्याचा मित्र. बुसिंगेने कणीस खाली ठेवले. आता तू अधिकारी बाईंकडे जाणार असशील, असे काहीतरी तो पुटपुटला.

"नाही जाणार. बाई काय करतील? रागावतील आणि तू मान खाली घालशील. ती घालायला तुला काय खर्च येतो? मला गाडी शिकव."

"काय?"

"गाडी शिकव. मंगळवारी मी चालवीन आणि पोरगी तू सांभाळ. अर्धी गाडी माझी आहे, तशी अर्धी पोरगी तुझी. त्या दिवशी न्याकातोबाईंकडे तिला ठेवायची नाही, सांगून ठेवते."

तो हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याचेही हसू ओसरले.

चर्चमागच्या मैदानावर ती शिकली. दोनदा पडली. तिचे कोपर सोलले, माझा डावा आरसा फुटला, आणि उठल्यावर तिने आधी माझे हँडल सरळ आहे का ते पाहिले. परवाना हातात येईपर्यंत ती बाजारात शिरली नाही. मग एका मंगळवारी ती मला घेऊन स्टेजवर उभी राहिली. तिथे फक्त पुरुष. पोरीला न्यायला आलेल्या बुसिंगेला एकाने हटकले की बायकोला गाडी दिलीस, आता तू चहा खुडायला जाणार का? बुसिंगे म्हणाला, ती आता माझी बायको नाही. "मग तर आणखीच कठीण," तो माणूस म्हणाला, आणि सगळे हसले. पण दुपारपर्यंत बायकाच तिला शोधत येऊ लागल्या. पोटुशा बायका, शाळेतल्या शिक्षिका, तान्हे बाळ घेतलेल्या आया. ती वळणावर हळू घेते, हे त्यांना आवडले. त्या दिवशी आम्ही जे कमावले ते कुनिहिराने मोजले. पैसे हातात धरून ती बराच वेळ माझ्या सीटला टेकून उभी राहिली. मला वाटले होते की ती आनंदेल. आधीच्या मंगळवारी हिशेबाने किती यायला हवे होते, ते तिला त्या दिवशी समजले.

बुसिंगेचा तो पहिला मंगळवार कसा गेला, ते मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मला पुसताना त्यानेच मुगेन्यीला सांगितले. त्याने पोरीसाठी लाल बूट आणून ठेवले होते, आणि ते लहान निघाले. तिचा पाय केवढा झाला आहे, हे त्याला माहीत नव्हते. तिला रंग आवडला म्हणून ती टाचा बाहेर काढून दिवसभर तेच घालून फिरली. त्याच्याकडे मात्र येईना. तो तिच्यासाठी रस्त्यावरचा कोणी बोडा होता, आणि ती त्याला हाकही तशीच मारत होती. "बोडा, पाणी दे. बोडा, आई कुठे?" मुगेन्यीला हसू आले. बुसिंगे माझी चाके पुसत राहिला, पुसून झालेलीच.

असे काही मंगळवार गेले. ती त्याच्या मांडीवर बसू लागली होती. मग तो दिवस आला. सकाळी सोडली तेव्हा ती थोडी मलूल होती. दुपारी अंग भट्टीसारखे तापले आणि ती ओकू लागली. त्याने कुनिहिराला फोन लावला, पण आम्ही लांबच्या फेरीला होतो, वाऱ्यात तिला घंटी ऐकू आली नाही. पोरीला छातीशी धरून तो पायीच टेकडी चढला. क्लिनिकमध्ये रक्त तपासायचे आणि सलाईन लावायचे पैसे आधी मागितले. त्याच्या खिशात काही नव्हते. सोमवारचे पैसे सोमवारीच उडाले होते आणि मंगळवार त्याचा नव्हता. मुगेन्यीला त्याने फोन केला, मुगेन्यी दुसऱ्या गावी गेला होता.

क्लिनिकच्या मागेच न्याकातोबाईंचे घर होते. ज्या फाटकाला तो इतके महिने चुकवत होता, त्याच फाटकातून तो पोरीला घेऊन आत गेला. हे सगळे त्यानेच मला नंतर सांगितले. बाईंनी काही विचारले नाही. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला, आत गेल्या, साठवलेल्या पैशांचा डबा घेऊन आल्या आणि तो त्याच्या हातात न देता स्वतःच घेऊन पुढे निघाल्या, अनवाणी. सुई टोचायच्या वेळी केमिगिसा त्याच्याकडे थांबेना. ती न्याकातोबाईंच्या मांडीत शिरली, तेव्हाच तिचा हात नर्सला धरता आला.

चुकलेला फोन पाहून आम्ही पोहोचलो तेव्हा तो क्लिनिकच्या ओट्यावर बसला होता. कुनिहिरा धावत आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि ताप उतरतोय एवढेच म्हणून माझ्या सीटवर बसली. मलेरिया होता. वेळेवर आणले, असे नर्स म्हणाली होती.

"मी तुझे मंगळवार नदीवर घालवले," बुसिंगे म्हणाला. "आणि जे मिळायचं त्यातलं अर्धं बुटात ठेवायचो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. सगळ्या स्टेजला माहीत आहे, आराली. कोणी बोलत नाही. बोलायला लागले तर त्यांनाही कुठल्या ना कुठल्या घरी पैसे घेऊन जावं लागेल."

तो रडला. तिने त्याला गप्प केले नाही, आणि ती उठूनही गेली नाही.

त्यानंतर तो बदलला, असे मी म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही. त्याने दारू कमी केली, सोडली नाही. न्याकातोबाईंचे थकलेले सगळे पैसे आणि त्या डब्यातले पैसे त्याने फेडले. फेडताना तो दर वेळी इंजिन बंद करून फाटकातून आत जायचा. मळ्याच्या कडेला झाडाखाली पोरीने जे दिवस काढले ते कसे फेडायचे, असे त्याने एकदा मला विचारले. त्याच सुमाराला माझे नवे कव्हर फाटले, आणि मला हलके वाटले.

दोघे पुन्हा एका घरात राहायला आले नाहीत. त्यांनी तसा विचारही केला नाही. कुनिहिराने पुढे मळा सोडला, दुसरी भिशी लागल्यावर स्वतःची जुनी गाडी घेतली आणि रोजच बोडा चालवू लागली. मंगळवारी पोरगी बुसिंगेकडे, हे मात्र चालूच राहिले. शाळेचे सत्र सुरू व्हायच्या आधी दोघे न्याकातोबाईंच्या ओट्यावर बसून खर्च वाटून घेत, ज्याची कमाई जशी तसा. एखाद्या सत्राला तिची कमाई जास्त असे आणि ती जास्त उचले. ते त्याला लागे. मग त्याने दुसरे लग्न केले, एक मुलगा झाला, आणि ओट्यावरच्या बैठका लांबू लागल्या. वह्या कोण घेणार, बूट कोण घेणार. आवाज चढत नसत, पण गप्प बसणे वाढले. केमिगिसा जवळच कुठेतरी खेळत असायची. ती ऐकते आहे, हे मला दिसत होते.

ती आठेक वर्षांची असेल. सत्राच्या सुरुवातीची सकाळ होती. बुसिंगे तिला माझ्यावरून शाळेत सोडत होता. मी तेव्हा म्हातारी झाले होते, चढावर धापा टाकत होते. चढ संपता संपता तिने मागून बापाला विचारले,

"ताता, मी नसते तर तुमचे पैसे वाचले असते ना?"

त्याने मला रस्त्याच्या कडेला घेतले आणि इंजिन बंद केले. उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. माझ्या फीची गोष्ट निघाली की आई गप्प होते. तुम्ही पण गप्प होता. आता तर लहान बाळ पण आहे. मी कमी खाईन, चालेल मला."

कितीतरी गाड्या गेल्या.

"मी गप्प होतो कारण मला लाज वाटते," तो म्हणाला. "तुझी नाही. माझी. तू लहान होतीस तेव्हा तुझ्या वाट्याचे पैसे मी लपवून ठेवले होते."

ती विचार करू लागली. "मग कुठे गेले ते?"

"थोडे टायरात गेले. थोडे दारूत. बाकीचे कुठे गेले, मलाच माहीत नाही."

"आईला माहीत आहे?"

"आहे. तिला आधीच माहीत होतं. तू कमी खायचं नाहीस. ते पैसे माझे नसतातच मुळी, तुझेच असतात. मी नुसते आणून द्यायचे असतात."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या खांद्याला धरून त्याला उठवले आणि म्हणाली की उशीर होतोय, घंटा झाली तर बाहेर उभे करतात. त्याने किक मारली. मी पहिल्याच किकेला सुरू झाले. त्या वयात ते मला सोपे नव्हते.

मित्रांनो, माणसे आमची तेल-पाणी आणि थोडी साफसफाई एवढीच काळजी घेतात, आणि ती नाही घेतली तर आम्ही एका जागी उभ्या राहतो, एवढेच. लेकरू एका जागी उभे राहू शकत नाही. ते वाढत असते, त्याचा पाय मोठा होत असतो, कोणी पाहो वा न पाहो. तुमच्यापैकी कोणाची आई एका घरी आणि बाबा दुसऱ्या घरी राहत असतील, आणि तुमच्या फीचा, दुधाचा, बुटांचा विषय निघाला की मोठी माणसे गप्प होत असतील, तर ते गप्प बसणे तुमच्यामुळे आहे असे समजू नका. दोन घास कमी खाऊन ते मिटत नाही. तुमच्या वाट्याचे मागताना खाली पाहू नका. लाज कोणाला वाटायचीच असेल तर ती आम्हा थोरांना वाटू दे. आम्हाला ती पेलते.